साळूबाईनं मांडलेली दुसरी चूल

पौषातलं धुकं कृष्णेवरून उठतं, आधी उसात शिरतं आणि मग गावात येतं. त्या सकाळी ते इतकं दाट होतं, की गोठ्याच्या दारातून पलीकडची कडब्याची गंजीसुद्धा दिसत नव्हती. साळूबाई जगदाळेनं कासेला हात लावला तशी म्हैस अंग चोरून बाजूला सरली. "उभी ऱ्हा गं बये, मलाबी गारच लागतंय," असं म्हणत साळूबाईनं बादली गुडघ्यात धरली आणि धारा सुरू केल्या. हात कामात होते, कान मात्र मागं होता. उकिरड्याकडच्या चढावरून तिची धाकटी जाऊ मनुबाई शेणाची रिकामी पाटी घेऊन येत होती, आणि मनुबाईच्या आधी मनुबाईचा श्वास येत होता.

चढ म्हणजे काय, लहान पोरं घसरगुंडी खेळतात एवढाच. पण मनुबाई मध्येच दगडावर टेकली आणि खडा गेल्यासारखी चप्पल झाडत बसली.

"काय गं, दिवाळीपासनं रोजच खडा जातूय तुज्या चपलंत?" साळूबाईनं न वळताच विचारलं.

"खडंच लय झाल्यात आक्का ह्या वाटंनं."

"आन् पाय सुजल्यात ते? तेबी खड्यानंच का?"

मनुबाईनं लुगड्याचा काठ ओढून पाय झाकले. साळूबाईनं धार अर्ध्यात सोडली. म्हैस अर्धी पिळून उठायचं हे तिच्या चाळीस वर्षांच्या संसारात कधी घडलं नव्हतं. "ऊठ. लुगडं बदल. इश्वजीतची गाडी दूध घालून आली की दवाखान्यात जायाचं."

ही करोनाची साथ सरल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. साळूबाईला तेव्हा अठ्ठावन्नावं लागलं असेल. अंगानं काटक, बोलायला फटकळ, आणि आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस वळून बघावा. घरात माणसं मोजकी. नवरा लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. मुलगा विश्वजीत, पिकअप गाडीतून गावचं दूध डेअरीला पोचवणारा. आणि मनुबाई व तिची लेक अंकिता, जी कराडला कॉलेजात जायची. मनुबाईचा नवरा गुंडा, म्हणजे साळूबाईचा धाकटा दीर, बारा वर्षांपूर्वी नदीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता.

घर एक, चूल एक. साळूबाईनं भाकरी थापायची आणि मनुबाईनं भाजायची, हा दोघींचा रिवाज मनुबाई लग्न होऊन आली तेव्हापासूनचा. परातीतून उचललेली भाकरी तव्यावर पडायची, तव्यावरची फुगून टोपल्यात यायची, आणि सगळ्यात एका शब्दाची गरज पडायची नाही. बोलायचं असेल ते दुसऱ्याच कुणाबद्दल.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनुबाईच्या छातीवर मशीन फिरवून पडद्यावर बराच वेळ बघितलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, म्हणून विचारलं. आला होता. त्या तापानं हृदयाची एक झडप आखडली होती. रक्ताला पुढं सरकायला वाट उरली नव्हती. "झडप बदलावी लागेल. आणि पावसाळ्याची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. खर्चाचा आकडा लाखांतला होता. "पण सरकारी योजनेत बसलं तर तुम्हाला काही भरावं लागणार नाही. खाली खिडकीत विचारा."

खिडकीत आरोग्यमित्र बसलेला, योजनेची कागदपत्रं बघणारा तरुण माणूस. कॉलेजातून आलेल्या अंकितानं मोबाइलवर रेशनकार्डाचा फोटो दाखवला, तसं त्यानं तोंड वाकडं केलं.

"पांढरं कार्ड आहे हे. पांढऱ्याला योजना नाही."

तेव्हा अजून ती योजना सरसकट सगळ्यांना झाली नव्हती.

"म्हंजे?" साळूबाई पुढं सरली. "पांढऱ्या कार्डावरच्या माणसाची छाती येगळी असती व्हय?"

माणूस हसला, पण त्याला समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. "मावशी, केशरी कार्ड म्हणजे घराचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत. पांढरं म्हणजे लाखाच्या वर. एका कार्डावर जेवढी नावं, तेवढ्यांचं उत्पन्न एकत्र धरतात. तुमच्या मालकांची पेन्शनच लाखाच्या वर चाललीय."

"पेन्शन त्यांची. झडप हिची."

"नाव एकाच कार्डावर आहे ना पण."

साळूबाईनं कमरेच्या पिशवीतून आपलं फौजेच्या दवाखान्याचं कार्ड काढलं आणि खिडकीत ठेवलं. "ह्ये बगा. फौजीची बायकू म्हणून माजा इलाज फुकट हुतूय ह्याच्यावर. मला तर साधं डोकं बी दुखत न्हाई. माज्या वाटणीचं हिला घाला."

"त्यावर तुमचा फोटो आहे, मावशी."

"मंग? आमी दोगी दिसायला सारख्याच हाय."

मनुबाई तिच्यापेक्षा वीतभर बुटकी आणि चांगली गोरी. मागची रांग खो खो हसली, खिडकीतला माणूस हसला, मनुबाईही हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि मग कुणी हसलं नाही.

ते पांढरं कार्ड घरात कसं आलं, हे साऱ्या गावाला माहीत होतं, कारण लालासाहेबांनीच ते छाती काढून सांगितलेलं. पेन्शनीवर आले त्याच वर्षी गावात कार्डं नव्यानं होत होती. बाकीच्या पेन्शनवाल्यांनी कागद घरी ठेवले आणि केशरी कार्डं घेतली. लालासाहेब इस्त्रीच्या कपड्यात गेले, पेन्शनीचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आपल्याला पांढरं द्या साहेब. सरकारचा पगार खाल्ला, आता स्वस्ताच्या गव्हासाठी हात पसरणार न्हाई." गुंडाही त्याच वर्षी गेलेला. भाऊबंदांत कुजबुज होती, की आता लालासाहेब भावाच्या बायकोला वेगळं काढणार. ती तोंडं बंद करायला त्यांनी स्वतः पुढं होऊन मनुबाईचं आणि अंकिताचं नाव आपल्याच कार्डावर घालून घेतलं. कार्ड चावडीवर दाखवलं. "ही माज्या घरातली माणसं. बगा, सरकारी शिक्का हाय."

आता तोच शिक्का आडवा आला होता.

लालासाहेबांनी सगळं ऐकलं आणि नदीकाठचा तुकडा विकायचं बोलायला लागले. आतून मनुबाई उंबऱ्यात आली. थोरल्या दिरापुढं ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "भावजी, जमीन इकली तर मी त्या टेबलावर झोपायची न्हाई. बांधून न्या, तरी न्हाई. अंकीच्या बापाचा जीव गेलाय त्या तुकड्यावर."

एवढं बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. मनुबाई गरीब स्वभावाची म्हणून गाव तिला ओळखायचं, पण ती एकदा न्हाई म्हणाली की म्हशीनं पाय रोवावेत तशी, हे साळूबाईला ठाऊक होतं.

मग विश्वजीतनं डोकं चालवलं. "काकीचं कार्ड येगळं काढायचं. तिचं तिचं उत्पन्न काय, गुंडाकाकाच्या वाटणीचं जेवढं येतंय तेवढंच. केशरी मिळतंय. फकस्त चूल येगळी दाखवावी लागती, तलाठी येऊन बघून जातूय. मागच्या खोलीत तीन विटा मांडू, दोन पातेली ठेवू. समदी असंच करत्यात."

लालासाहेब खोरं घेऊन रानात निघून गेले. साळूबाईनं विटा आणून दिल्या.

तलाठी आर्जव चौगुले नवीन बदलून आलेला, सांगलीकडच्या जैन घरातला, शांत बोलणारा गडी. तो आला, चहा प्याला आणि मागच्या खोलीत डोकावला. विटांना काजळीचा ठिपका नव्हता. दोन विटांच्या मध्ये कोंबडी अंडं घालायला बसली होती, ती त्याच्याकडं रागानं बघायला लागली. चौगुलेनं हसू दाबलं आणि बाहेर येऊन मनुबाईला विचारलं. तिला विश्वजीतनं पढवून ठेवलं होतं, की साहेब काही विचारो, नुसतं व्हय म्हणायचं. पण चौगुलेनं विचारलं ते असं:

"काय मावशी, म्हणजे तुमचं घर फुटलंय म्हणायचं?"

मनुबाईच्या कानाला ते शब्द असे लागले, की पढवलेलं सगळं उडून गेलं. "कुणी सांगितलं तुमास्नी? आमचं घर? आवं, बारा वर्सं झाली मालक जाऊन, मी ह्यांच्या ताटाशेजारी बसून खाती. माज्या पोरीला वहीचा कागद कमी पडू दिला न्हाई ह्यांनी. दिवाळीला आदी माजी साडी, मंग आक्काची. घर फुटलंय म्हणं! गावात इचारा की जावा!"

विश्वजीतनं कपाळाला हात लावला. लालासाहेब दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. चौगुलेनं पेनाला टोपण घातलं. "मावशी, मला मग तसंच लिहावं लागंल."

"ल्ह्या की! चांगलं ठळक ल्ह्या."

तो गेल्यावर तिला कळलं आपण काय करून बसलो. ती भिंतीला टेकून खाली बसली. विश्वजीत ओरडायला गेला, तर साळूबाईनं त्याला हातानंच गप्प केलं. तिला राग आलाच नव्हता. संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हिच्या तोंडून खोटं निघणार नाही. आणि हे खोटं तर मुळीच नाही, कारण एवढी एक चूल सोडली तर हिच्याकडं मिरवायला काही नाही. मग ते खरंच करायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब उसाला पाणी पाजत होते तिथं ती गेली.

"आवं, वाटणी करायची."

"कशाची?"

"घराची, रानाची, भांड्याकुंड्याची. खरीखुरी. भाऊबंद बोलवून."

लालासाहेबांनी खोरं टेकवलं. "गुंडाच्या मड्यापुढं मी शब्द दिलाय."

"काय दिलाय? तिला उघड्यावर पडू देणार न्हाई म्हणून, व्हय न्हवं? मंग ती गेल्यावर कुणाला सांभाळणार? कार्डावरच्या नावाला?"

"लोक तोंडात शेण घालतील, साळे."

"तुमच्या न्हाई घालणार. वाटणी बाईमाणसामुळं हुती, असंच समजत्यात लोक. माज्या घालतील. घालू द्या." आणि मग तिनं पाटातलं दारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, कारण बोलण्याच्या नादात लालासाहेबांचं पाणी बांधावरून चाललं होतं.

मनुबाईला तिनं स्वतःच सांगितलं. "आजपासनं तू येगळी."

"आक्का, परवाचं मनावर घेतलंसा का?"

"न्हाई."

"मंग मला घालवताय?"

"व्हय. घालवतीया." हे कशासाठी, ते मनुबाईलाही ठाऊक होतं. तरी तिचा चेहरा असा झाला, की साळूबाई तिथं थांबली नाही.

भाऊबंद जमले. वाटणीपत्र झालं. नदीकाठच्या तुकड्यातला निम्मा आणि माळावरच्या रानातलं निम्मं मनुबाईच्या नावानं. एक म्हातारे गृहस्थ लालासाहेबांच्या कानाला लागले, की नुसतं कागदावर करा, ऑपरेशन झालं की परत फिरवून घ्या. ते साळूबाईनं ऐकलं. "परत कशाला फिरवायचं? गुंडाभावजींचं हाय ते त्यांच्या पोरीचं झालं. खोटंच करायचं असतं तर विटा हाईत की माज्याकडं." मग सोप्यात घोंगडं अंथरून भांडी मांडली. पितळी डबे, तांबे, ताटं. तांब्याचा थोरला हंडा मनुबाईच्या बाजूला गेला. गोठ्यातली रेडीही तिकडंच गेली.

आणि शेवटी साळूबाई देवघरात गेली. वेगळं निघताना देव थोरल्या घरात राहतात, धाकट्यानं आपले नवे करून घ्यायचे, ही त्या भागातली जुनी रीत. साळूबाईनं देवातला जोतिबाचा टाक, सासऱ्याच्या हातून पुजला गेलेला चांदीचा जुना टाक, ताटलीत घेतला आणि मनुबाईच्या पुढ्यात ठेवला. लालासाहेब उठून बाहेर गेले.

मागच्या खोलीतल्या विटा साळूबाईनं उचलून टाकल्या. माळावरची तांबडी माती आणून तिनं भुश्याशेणात मळली आणि आपल्या हातानं चूल घातली, पोतेरं दिलं, वाळत ठेवली. पहिल्या संध्याकाळी भिंतीच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशा दोघी बसल्या. साळूबाईच्या हाताला थापायची सवय, भाजायची नाही. मनुबाईला भाजायची सवय, थापायची नाही. साळूबाईची भाकरी करपली आणि मनुबाईची फाटली. विश्वजीतनं करपलेली भाकरी दुधात कुस्करून मुकाट्यानं खाल्ली. लालासाहेब जेवलेच नाहीत, फिरतो जरा म्हणून मारुतीच्या पाराकडं गेले. भिंतीपलीकडून अंकिताचा आवाज आला, "आई, राहू दे, मी पोळ्या करते," आणि पाठोपाठ पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज आला.

त्यानंतर साळूबाईच्या वाट्याला गाव आलं. गिरणीत तिचा डबा रांगेत शेवटी सरकायला लागला. भाऊबंदातली सुलाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "का गं साळे, आजारी जाव जड झाली व्हय? बारा वर्सं राबवून घेतलीस, आन् छातीला झालं तशी भिताडापलीकडं?"

"व्हय, झाली जड," साळूबाई म्हणाली आणि पिठाचा डबा डोक्यावर घेतला.

अंकिता चिडली. "मोठी आई, तू सांगत का नाहीस त्यांना?" साळूबाई सांगणार होती पण काय? कुणाजवळ एकदा सांगायला तोंड उघडलं, तर ती स्वतःच रडत जाऊन मनुबाईचा तवा आपल्या चुलीवर आणून ठेवील, याची तिला भीती होती. शिवाय एवढ्यात फलटणकडची सोयरीक विश्वजीतसाठी आली होती. मुलगी पसंत, पोरगा पसंत. पाहुण्यांनी गावात चार ठिकाणी चौकशी केली, आणि विधवा जावेला घराबाहेर काढणाऱ्या सासूच्या हाताखाली पोरगी द्यायची नाही, असा निरोप धाडला. निरोप ऐकून विश्वजीत आईकडं बघायला लागला. साळूबाई म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? मी त्यांच्या जागी असते तर मी बी दिली नसती." आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली. एवढ्यात तिला भाजायला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

नव्या अर्जावर चौगुले पुन्हा आला. या वेळी तो चहाला बसला नाही, सरळ मागच्या खोलीत गेला. चूल काळी झाली होती. राख होती, फुंकणी होती, कोनाड्यात जोतिबाचा टाक होता आणि त्याला झेंडूचं फूल वाहिलेलं. टाकापाशी तो थांबला. टाक पितळेचा नव्हे, चांदीचा आहे आणि चांदी झिजलेली आहे, हे त्याला दिसलं.

"हा नवा नाही," तो म्हणाला.

"थोरल्या घरातला हाय," साळूबाई दारातून म्हणाली. "मी दिला."

चौगुलेनं वाकून टाक पुन्हा एकदा बघितला. भांडी कुणीही मांडतं. दाखवण्यापुरते देव कुणी वाटत नाही, हे त्याच्या सांगलीकडंही तसंच होतं. मग त्यानं मनुबाईकडं वळून विचारलं, अगदी हळू, "मावशी, तुम्ही एकत्र का वेगळ्या?"

मनुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "येगळी."

"कुणी काढलं?"

तिनं हात उचलून साळूबाईकडं दाखवलं. "ह्यांनी. ह्यांनी मला भायेर काढलं साहेब."

साळूबाई दारातच उभी होती, पदर नीट घेऊन, कोर्टात उभं राहावं तशी. "व्हय. मी काढली."

"योजनेसाठी काढली?"

विश्वजीतनं आईला डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. पण साळूबाईनं खालीसुद्धा बघितलं नाही. "व्हय. योजनेसाठीच काढली. आन् काढली ते काढली. रान दिलं, रेडी दिली, देव दिला. आता ती म्हणली तरी मला परत घेता येत न्हाई."

चौगुलेनं पेन काढलं. "का वेगळं झालात हा रकाना माझ्या कागदात नाही मावशी. झालात का नाही, एवढंच आहे." रानाची वाटणी बघून त्यानं मनुबाईच्या उत्पन्नाचा हिशेब धरला. लाखाच्या बराच आत होता. उठताना तो साळूबाईला म्हणाला, "आता चहा द्या. कुठल्या पण चुलीवरचा चालंल."

"हितलाच घ्या," मनुबाई डोळे पुसत म्हणाली, आणि तिच्या चुलीवरचा पहिला पाहुण्याचा चहा त्यानं घेतला.

केशरी कार्ड मिळालं, मनुबाई गुंडा जगदाळे आणि अंकिता, दोनच नावं. योजनेची मंजुरी आली. होळीच्या मागंपुढं ऑपरेशन झालं. दवाखान्यात सोबतीला राहायला साळूबाईच गेली. खिडकीतल्या त्याच माणसानं कागद भरताना विचारलं, "नातं?"

"जाऊ."

"एकत्र?"

"न्हाई. येगळं," साळूबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रांग पुन्हा वळून बघायला लागली. त्या शब्दाचं तिला आता काही वाटत नव्हतं, असं नाही. पण तो शब्द तिनं मिळवला होता, आणि तो वापरायचा तेव्हा ती पुटपुटणार नव्हती.

मनुबाईला ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणलं तेव्हा छातीवर पट्टी आणि नाकात नळी. भूल उतरताना ती काहीतरी बोलली. नर्स म्हणाली, पाणी मागत असतील. साळूबाईनं कान नेला. मनुबाई म्हणत होती, "आक्का, तवा तापलाय."

घरी आणल्यावर मनुबाई सवयीनं थोरल्या सोप्यात वळली. साळूबाईनं तिला दंडाला धरून मागच्या दारानं नेलं. "तिकडं न्हाई. तुज्या घरात." आणि तिला भिंतीशी बसवून, पाठीला उशी देऊन, साळूबाईनं मनुबाईच्या चुलीत जाळ घातला, मनुबाईच्या पिठातलं पीठ घेतलं आणि मनुबाईच्या तव्यावर भाकरी टाकली. उन्हाळा संपेपर्यंत ती दोन चुलींवर राबली. सुलाबाई एकदा कानोसा घ्यायला आली, हे बघून गेली आणि गिरणीत दुसरंच सांगायला लागली. साळूबाईचा डबा रांगेत पुढं सरकला. तिनं तेही आलं तसं घेतलं.

दोन वर्षांनी सरकारचं निघालं, की आता योजना सगळ्यांना झाली, कार्ड कुठल्याही रंगाचं असो. विश्वजीतनं मोबाइलवर वाचून दाखवलं. त्याचं लग्न तोवर आटपाडीकडच्या मुलीशी झालं होतं, तिच्या घरच्यांनी चौकशी सुलाबाईकडंच केली होती. लालासाहेब ऐकत होते. त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी फौजेतून रजेवर आलेल्या माणसाचं हसू आलं. "मंग आता काय अडलंय? भिताडाला दार पाडू. चूल एक करू. गुंडाला दिलेला शब्द खरा हुईल."

साळूबाई अंगणात कांदा-लसणाच्या चटणीसाठी आणलेल्या मिरच्या वाळत घालत होती. ती हात झाडून मागच्या दाराला गेली. मनुबाई भाकरी थापत होती. गोल, पातळ, काठाला कुठं चीर नाही.

"ऐकलंस का मनू?"

"ऐकलं. अंकीनं फोन केलता सांगलीच्या हॉस्टेलवरनं."

"हे म्हणत्यात, एक करू परत."

मनुबाईनं भाकरी तव्यात टाकली, वर पाणी फिरवलं. "आक्का, राग न्हाई न्हवं येणार?"

"बोल."

"परवा पाटलाच्यातली लग्नाची पत्रिका आली. भायेर माजं नाव. मनुबाई जगदाळे आन् परिवार. आजवर माज्या नावाची पत्रिका कवा आली न्हाई. म्हायेरात बापाच्या नावात, हितं मालकाच्या, मंग भावजींच्या." ती तव्याकडं बघत राहिली. "तुमीच मांडून दिलीया ही चूल. ऱ्हाऊ द्या."

साळूबाई उंबऱ्यावर बसली. तिला वाटलं होतं, मनुबाई धावत येईल. भाकरी फुगली, मनुबाईनं ती जाळाला लावली, उतरवली.

"तुमाला वाईट वाटलं," मनुबाई म्हणाली.

"वाटलं. न वाटायला काय झालं? पर मी मोडायला न्हाई आले. इचारायला आले."

"च्या टाकू?"

"टाक."

चहा पिऊन ती अंगणात आली. लालासाहेब पहार शोधून भिंतीपाशी उभे होते.

"काय म्हणली?"

"तिची चूल ऱ्हातीया. पहार ठिवा."

"आन् आपण?"

"आपुण काय?" साळूबाईनं पदर नाकाला बांधला, मिरच्यांची पाटी पुढं ओढली आणि त्यांच्यासाठी गोणपाटाची एक घडी सरकवली. "ऊन खाली यायच्या आत ह्या निवडायच्या हाईत. बसा, देठं काढा."